मोटार जळते त्या दिवशी धोरण कुठे असतं?

प्रति,
मा. केंद्रीय ऊर्जामंत्री, भारत सरकार
आणि
मा. महासंचालक, ऊर्जा दक्षता ब्युरो,
नवी दिल्ली.

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात मोटारी भरतो. सरकारी कागदात याला रिवायंडिंग म्हणतात. जळालेली मोटार येते. तिची काळी पडलेली तार काढायची, स्लॉट खरवडून साफ करायचे, कागद घालायचा, नवी कॉइल बसवायची, वार्निश पाजून वाळवायची आणि मालकाच्या टेंपोत चढवायची. वडिलांनी दुकान टाकलं तेव्हा ते ऑइल इंजिनांचे फिटर होते. उद्यमनगरात बनलेली इंजिनं तेव्हा लांबलांबच्या विहिरींवर जायची. शिवारात विजेचे खांब आले, इंजिनांच्या जागी मोटारी बसल्या आणि वडील इंजिन सोडून तारेकडे वळले. त्यांच्याच बाकावर बसून मी पस्तीस वर्षं हे काम करतो आहे.

वीज गरिबाला परवडावी कशी आणि ती वाया जाऊ नये म्हणून काय करावं, यावर जाणकारांची मतं छापून येतात. मला एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे, पण ती गोष्ट रोज माझ्या हातातून जाते. विजेचं बिल म्हणजे दर गुणिले युनिट. सरकार, वीज नियामक आयोग, ग्राहक संघटना, राजकीय पक्ष, आपण सगळे दरावर भांडतो. युनिट किती लागतील हे ज्या यंत्रावर ठरतं, त्या यंत्राकडे फार कमी लोक बघतात. आणि ज्याच्या खिशात पैसे कमी, त्याच्याकडेच सगळ्यात जास्त वीज खाणारं यंत्र असतं. हे मी पस्तीस वर्षं बघतो आहे आणि आता ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

गेल्या उन्हाळ्यात एक दिवस दुकान बंद करायच्या बेतात होतो. भोगावतीकाठच्या एका गावचे आबा पाच एचपीची मोटार घेऊन आले. "मेस्त्री, परवा पाण्याची पाळी हाय. ऊस वाळाय लागलाय. काय बी कर, पर उद्या सांजच्याला भरून दे." मोटार उघडली, तर आतली कॉइल मीच घातलेली. ती मोटार चौथ्यांदा माझ्या बाकावर आली होती. मी म्हटलं, "आबा, ही आता थकली. नवी घ्या." आबा म्हणाले, "घेतली असती रं. पर सोसायटीचं कर्ज फिटायचं हाय, आन् कारखान्याचं बिल यायला अजून महिना लागंल." मी रात्री बसून ती भरून दिली. आबांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं.

आता हिशेब बघा. पाच एचपी म्हणजे साधारण पावणेचार किलोवॅटचं काम. आयई-३ दर्जाची, म्हणजे कमी वीज खाणारी चांगली नवी मोटार पूर्ण भारावर एवढं काम करायला तासाला सव्वाचार युनिटच्या आसपास वीज घेते. तीन-चारदा भरलेली जुनी मोटार त्याच कामाला पाच युनिट घेते. फरक पाऊण युनिटचा. वर्षाला दीड हजार तास मोटार चालली, तर हजार-अकराशे युनिट नुसती उष्णता होऊन गेले. मोटारीच्या अंगाला हात लावला की हेच युनिट हाताला चटका देतात. आणि तीच उष्णता पुढची कॉइल जाळते. मग ती मोटार पाचव्यांदा माझ्याकडे येते.

हे झालं मोटारीचं. तिच्या पुढे पंप आहे, खाली फूटव्हॉल्व्ह म्हणजे पाण्यात बुडालेल्या पाइपच्या तोंडाची झडप आहे, वर पाइप आहे. आमच्याकडे पंचगंगा, भोगावती, दूधगंगा, वेदगंगा, वारणा या नद्यांवरून पाणी उचलून एक-दोन किलोमीटर लांबच्या चढाच्या रानात न्यावं लागतं. शेतकरी पैसे वाचवायला चार इंचीच्या जागी तीन इंची पाइप घालतो. तेवढंच पाणी चार इंची पाइपमधून नेलं, तर घर्षणात जाणारा जोर जवळपास चौथा हिस्सा होतो. जुन्या अरुंद फूटव्हॉल्व्हमधून पाणी ओढताना पंपाची दमछाक होते. काटकोनी एल्बोच्या जागी गोल बेंड टाकला तरी फरक पडतो. यातलं काहीही मोठं विज्ञान नाही. चांगला फूटव्हॉल्व्ह, योग्य मापाचा पाइप, नीट निवडलेला पंप आणि बरी मोटार एवढं एकत्र आलं, तर विजेच्या निम्म्याहून जास्त जोर पाण्यापर्यंत पोचतो. शिवारात मी जे संच बघतो, त्यातल्या पुष्कळांत पाव ते तिसरा हिस्सासुद्धा जेमतेम पोचतो. देशातल्या विजेचा साधारण सहावा हिस्सा शेतीला जातो. म्हणजे केवढी मोठी चोरी रोज कुणी चोर नसताना होते आहे, याचा अंदाज आपण करा.

आपल्या खात्याने काही केलं नाही असं माझं म्हणणं नाही. २००१ मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा आला, २००२ मध्ये ब्युरो सुरू झाला, २००६ पासून स्टार लेबल लागायला लागलं. आणि जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना आली, तिचा तर मी मनापासून चाहता आहे. त्याआधी एलईडी बल्ब तीनशे रुपयांच्या पुढे होता. आमच्या वाडीवस्तीतल्या माणसाने तो कशाला घेतला असता? सरकारी कंपनीने लाखोंनी बल्ब एकदम खरेदी केले, भाव पाडला आणि सत्तर-ऐंशी रुपयांना दिले. काही ठिकाणी तर दहा रुपये भरून बल्ब घ्यायचा आणि बाकी रक्कम बिलातून थोडी थोडी फेडायची, अशी सोय होती. आजपर्यंत ३६ कोटींहून जास्त बल्ब त्या योजनेतून गेले. मुख्य म्हणजे बाजारातला भावही कायमचा उतरला. माणसाला "वीज वाचवा" असं नुसतं सांगितलं नाही. वीज वाचवणारी वस्तू त्याच्या हातात, त्याला झेपेल अशा किमतीत ठेवली.

मग मोटारीला हे का जमलं नाही? कारखान्यांत जाणारी साधारण ७० टक्के वीज मोटारी खातात, हे तुमच्याच माहितीपत्रकांत असतं. मोटारी बदलण्याचे कार्यक्रमही जाहीर झाले. शेतीपंप बदलून बघण्याचा प्रयोग तर आमच्याच राज्यात, सोलापूर जिल्ह्यात, मंगळवेढ्यात झाला. साध्या तीन फेज मोटारींना आता किमान दर्जाही सक्तीचा केला आहे. तरी माझ्या दुकानासमोरची रांग तशीच आहे. याचं कारण मला असं दिसतं.

बल्ब माणूस सवडीने घेतो. मोटार तो जळते त्या दिवशी घेतो. त्या दिवशी पिकाची पाळी तोंडावर असते, मागाचा बीम अर्धा विणलेला असतो, पिठाच्या गिरणीत लोकांची दळणं पडलेली असतात. त्या वेळी माणूस स्टार मोजत नाही, पोर्टलवर अर्ज भरत नाही, अनुदानाच्या यादीत नाव कधी लागेल याची वाट बघत नाही. जवळचा मेस्त्री गाठतो. मोटार भरून घ्यायला नव्या मोटारीच्या किमतीचा एक भाग लागतो आणि दुसऱ्या दिवशी काम सुरू होतं. देशातली कोट्यवधी युनिटं वाचायची की जायची, हे त्या एका संध्याकाळी, माझ्यासारख्याच्या दुकानाच्या पायरीवर ठरतं. तुमचं धोरण त्या पायरीवर अजून आलेलं नाही.

ते आणायचं कसं, याचा मी खूप विचार केला आहे. आमच्यासारख्या दुकानांत तीन, पाच आणि साडेसात एचपीचे चांगल्या दर्जाचे पंपसंच आणि मागाच्या एक एचपी मोटारी आधीच आणून ठेवलेल्या असाव्यात. सरकारने त्या उजालासारख्या घाऊक भावात घेतलेल्या असाव्यात. शेतकरी जळकी मोटार घेऊन आला की ती तिथेच जमा करायची, तिच्यातल्या तांब्याचे आणि बिडाचे पैसे त्याच्या नावावर धरायचे आणि त्याच संध्याकाळी नवा संच द्यायचा. तेव्हा त्याने भरायचे पैसे मोटार भरायला लागले असते तेवढेच. उरलेली रक्कम हप्त्याने. आमच्याकडे सेवा सोसायटीचं कर्ज ऊस बिलातून वळतं करून घेण्याची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. शेतकऱ्याला ती ओळखीची आहे, बँकेला भरवशाची आहे. नवी यंत्रणा उभी करायची गरज नाही. आणि जमा झालेली जुनी मोटार पुन्हा कुणाच्या विहिरीवर जाता कामा नये. तिचं भंगार झालंच पाहिजे, नाहीतर ती फिरून दुसऱ्या गरिबाच्या गळ्यात पडेल.

इथे कुणी विचारेल, माझं पोट जळक्या मोटारीवर आहे, मग मी हे का मागतो? कारण चौथ्यांदा मोटार भरताना मला कळत असतं की मी आबांकडून मजुरी घेतो आहे आणि त्यांच्या गळ्यात एक खादाड यंत्र परत अडकवतो आहे. नवा संच बसवणं, त्याची देखभाल, फूटव्हॉल्व्ह-पाइपचं माप घेणं, व्होल्टेज तपासणं ही कामं आम्हीच करू. ती आम्हाला जमतात.

मात्र सगळ्याच मोटारी लगेच बदलणार नाहीत, हेही खरं. पुढची दहा-पंधरा वर्षं मोटारी भरल्या जाणारच. म्हणून आमच्या धंद्यातली एक गोष्ट उघड सांगतो. जुनी तार काढण्यासाठी अनेक ठिकाणी स्टेटर, म्हणजे मोटारीचा न फिरणारा, तार भरलेला भाग, सरळ आगीवर धरतात, नाहीतर गॅसचा बर्नर मारतात. वॉर्निश जळतं, तार सुटते, काम लवकर होतं. पण स्टेटर हा पातळ पत्र्यांचा गठ्ठा असतो आणि प्रत्येक पत्र्यावर इन्सुलेशनचा थर असतो. तापमान साडेतीनशे-पावणेचारशे अंशांच्या वर गेलं की तो थर जळतो, पत्रे एकमेकांना चिकटल्यासारखे होतात आणि त्यानंतर ती मोटार रिकामी चालतानाही जास्त वीज खाते. तार कशीही उत्तम घाला, गेलेला थर परत येत नाही. त्यात कुणी पैसे वाचवायला एक गेज बारीक तार घालतो, कुणी वेढे कमी-जास्त करतो. गिऱ्हाईकच सांगतं, "दाब कमी असतो, त्याच्यावर चालंल अशी भर." तशी भरली की ती कमी व्होल्टेजवर उठते खरी, पण जास्त वीज ओढूनच.

नव्या मोटारीला तुमचा दर्जा लागू आहे. भरलेल्या मोटारीला सक्तीचा कुठलाच नियम नाही. तापमान बांधून देणारी भट्टी, स्टेटरची हानी मोजणारं साधं यंत्र आणि महिनाभराचं प्रशिक्षण एवढं मिळालं, तर भरलेली मोटार पहिल्यासारखी, निदान तिच्या जवळपास ठेवता येते. अशी भट्टी एकट्या दुकानाला परवडत नाही. उद्यमनगरात दहा-पंधरा दुकानांना मिळून एक पुरेल. शासकीय तंत्रनिकेतनात आणि कळंबा रोडच्या आयटीआयमध्ये मोटार तपासायचा बाक असेल, तर आम्ही मोटारी घेऊन जाऊ आणि पोरंही शिकतील. माझ्या हाताखालचा पोरगा आयटीआय झालेला आहे. त्याला मोटार चालते कशी हे शिकवलं आहे. ती वीज किती खाते हे मोजायला मात्र तो माझ्या दुकानात शिकला.

दाबाचं बोलणं निघालं आहे तर तेही सांगतो. कागदावर तीन फेजचे चारशे पंधरा व्होल्ट. शिवारात लाइनच्या शेवटच्या खांबावर, उन्हाळ्यात, माझ्या मीटरने मी तीनशेच्या आसपास बघितले आहेत. दाब उतरला की मोटार तेवढ्याच कामाला जास्त ॲम्पियर ओढते. ॲम्पियर दीडपट झाले की तारेतली हानी सव्वादोनपट होते. त्यामुळे दाब आणखी उतरतो. शेतीला वीज रात्री पाळीने यायची तेव्हा शेतकऱ्याने काय करावं? राधानगरी, शाहूवाडी, पन्हाळ्याकडे रात्री रानात गवे असतात, साप असतात, बिबट्या असतो. त्याने ऑटो स्विच बसवला आणि घरी झोपला. रात्री लाइट आली की एका डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठायच्या, डीपी गरम व्हायची, कधी जळायची, आणि तिच्याबरोबर दहा-बारा मोटारी माझ्यासारख्यांकडे यायच्या. २०२२ च्या फेब्रुवारीत स्वाभिमानी शेतकरी संघटनेने दिवसा दहा तास विजेसाठी कोल्हापुरात मुक्कामी धरणं धरलं, तेव्हा अनेकांना ती फक्त शेतकऱ्याच्या सोयीची मागणी वाटली. ती वीज वाचवण्याचीही मागणी होती. दिवसा, पुरेशा दाबाने वीज मिळाली की माणूस स्वतः उभा राहून मोटार चालू करतो, पाणी पुरलं की बंद करतो.

म्हणून शेतीच्या फीडरलाच सौर वीज जोडण्याची आमच्या राज्याची वाहिनी योजना मला योग्य वाटते. एकट्या शेतकऱ्याला सौर पंप देण्याच्या योजनाही कोरडवाहू भागात, विहीर-बोअरवर उपयोगी आहेत. दहा टक्के भरून पंप मिळतो ही छोटी गोष्ट नाही. पण आमच्या नदीकाठी पाणी उचलणाऱ्या सहकारी पाणीपुरवठा संस्था आहेत, त्यांचे पंप पन्नास-शंभर एचपीचे आणि त्यापुढचे असतात. त्यांच्या जॅकवेलवर, म्हणजे पाणी उचलायच्या नदीकाठच्या विहिरीवर, पॅनेल मांडणार कुठे? आणि पावसाळ्यात पंचगंगा पात्र सोडते तेव्हा ती टिकणार कशी? ज्या कोल्हापूरने नदी अडवायची स्वतःची पद्धत, कोल्हापुरी बंधारा, शोधून महाराष्ट्रभर दिली, त्या कोल्हापूरला पाणी उचलण्याचीही स्वतःच्या भूगोलाला जुळणारी पद्धत हवी. या संस्थांच्या मोठ्या पंपांची तपासणी आणि बदल हे काम आधी हाती घेतलं, तर एकेका जॅकवेलवर शेकडो शेतकऱ्यांची पाणीपट्टी उतरेल. लहान पंपांपेक्षा तिथे मोजायलाही सोपं आहे, कारण मीटर एक आहे.

राज्यात साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना २०२४ पासून वीज मोफत आहे. शेतकऱ्याच्या अडचणी मी जवळून बघतो, त्याला दिलासा मिळाला याचं मला बरं वाटतं. पण त्याचा एक परिणाम धोरण आखणाऱ्यांनी लक्षात घ्यावा. ज्या मोटारीला बिल येत नाही, ती बदलण्यात शेतकऱ्याचा काही फायदा उरत नाही. वाया जाणाऱ्या हजार युनिटांचे पैसे आता आबा भरत नाहीत, सरकारची तिजोरी भरते. मग चांगला पंप बसवण्यात खरी बचत कुणाची? सरकारची. तर त्या पंपाचा खर्चही सरकारनेच उचलावा. वर्षानुवर्षं वाया जाणाऱ्या युनिटांचं अनुदान देत राहण्यापेक्षा ते एकदाच पंपाला देणं तिजोरीलाही स्वस्त पडेल. तरीही पंपांवरचं स्टार लेबल आजवर ऐच्छिकच राहिलं आहे.

आता इचलकरंजीकडे या. तिथे वीज फुकट नाही, आणि म्हणून तिथला हिशेब अधिक टोचतो. साध्या मागावर एक एचपीची मोटार असते. ती दिवसाला वीस तास चालते. दोन-तीनदा भरलेली मोटार आणि नवी चांगली मोटार यांत पूर्ण भारावर तासाला साधारण शून्य पूर्णांक दोन युनिटचा फरक पडतो. एवढासा. पण वीस तासांचे चार युनिट झाले, तीनशे दिवसांचे बाराशे. युनिटला सहा रुपये धरले तर एका मागामागे वर्षाला सात हजार दोनशे रुपये. आठ मागांचा कारखाना असेल तर साडेसत्तावन्न हजारांच्या वर. खर्चीवर, म्हणजे दुसऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर कापड विणणाऱ्या माणसाला पिकाला, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर, पैशांत मजुरी मिळते. त्याच्यासाठी ही रक्कम म्हणजे पोराच्या शिक्षणाची फी.

मग तो मोटारी का बदलत नाही? एक तर एकदम आठ मोटारींचे पैसे नसतात. दुसरं, शेड भाड्याचं असतं आणि मीटर शेडमालकाच्या नावावर. बँक विचारते बिल कुणाचं, उद्यमाची नोंद कुणाची, तारण काय. २०२५ मध्ये ब्युरोने छोट्या उद्योगांसाठी व्याज सवलतीची योजना आणली. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ५ टक्के, मध्यम उद्योगांना ३ टक्के, एकूण तरतूद हजार कोटींची. योजना चांगली आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांना ती नक्की उपयोगी पडेल. एक टन लोखंड वितळवायला शास्त्राप्रमाणे चारशेपेक्षा कमी युनिट लागतात. प्रत्यक्षात साडेपाचशे-सहाशे आणि कधी जास्तही जातात. भट्टीचं झाकण उघडं राहतं, रनर-रायझरला, म्हणजे ओतकामातून तोडून पुन्हा वितळवायच्या तुकड्यांना, चिकटलेली वाळू तशीच भट्टीत जाते आणि तीही वितळवली जाते, साचे तयार नसल्याने वितळलेला रस धरून ठेवावा लागतो. तिथे तपासणी करणारा इंजिनिअर येईल, अहवाल करील, बँक कर्ज देईल. पण आठ मागांच्या माणसाकडे अहवाल करायला कुणी येत नाही. त्याला कर्जावरची सवलत नको आहे, त्याला कर्जाशिवाय मोटार हवी आहे, जिचे पैसे बिलातल्या बचतीतून आपोआप फिटतील. बल्बला हप्ते बिलात घालता आले, तर मागाच्या मोटारीला का नाही? आणि मीटर कुणाच्याही नावावर असलं तरी हप्ता मीटरवर बसवता येतो, माणसावर नाही. शेड बदललं तर हप्ता पुढच्या भाडेकरूकडे जाईल, बचतही त्याच्याकडेच जाईल.

घरातल्या पंख्याची गोष्टही अशीच आहे. जुना पंखा सत्तर-पंचाहत्तर वॅट खातो, नवा बीएलडीसी पंखा तीसच्या आत-बाहेर. जानेवारी २०२३ पासून पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं झालं हे चांगलंच झालं. पण आमच्या राज्यात घरगुती वापर महिन्याला शंभर युनिटांच्या पुढे गेला की पुढच्या युनिटांचा दर जवळपास दुप्पट होतो. दोन खोल्यांत दोन पंखे बदलले तर कितीतरी कुटुंबं त्या शंभरच्या आत राहतील. त्यांनाच नवा पंखा दुप्पट किमतीमुळे घेता येत नाही. छतावरच्या सौर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान आहे. ज्याला स्वतःचं छत आहे त्याने जरूर घ्यावं. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला छत नसतं, पंखा असतो.

एक संधी आपण दोनदा घालवली, ती तिसऱ्यांदा जाऊ नये म्हणून सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर आणि २०२१ च्या जुलैमधला पूर. नदीकाठच्या मोटारी आठवडाभर पाण्याखाली होत्या. पाणी ओसरल्यावर माझ्या दुकानासमोर चिखलाने भरलेल्या मोटारींची रांग लागली. काहींच्या आत मासे मरून पडले होते. आम्ही तिघे-चौघे रात्रंदिवस बसून मोटारी भरत होतो. पिकाची, संसाराची नासाडी बघून आलेली माणसं समोर उभी असायची, नाही कसं म्हणणार? घाईत जसं जमेल तसं काम झालं, माझ्याकडेही आणि इतरत्रही. त्याच वेळी शिवारभर हजारो मोटारी बाहेर निघाल्या होत्या. मदतीच्या पैशातून जुनी मोटार घेऊन चांगला संच देता आला असता, तर त्या दोन वर्षांत पंचगंगेचं अख्खं खोरं बदललं असतं. पूर आमच्याकडे पुन्हा येणार. गोदामात संच तयार ठेवले आणि शासन निर्णय आधीच काढून ठेवला, तर त्या वेळी आठ दिवसांत हे काम होईल. पूर आल्यावर निर्णय घ्यायला बसलात तर आम्ही पुन्हा मोटारीच भरत बसू.

हे सगळं देशभर एकदम करा असं माझं म्हणणं नाही. करवीर, कागल, हातकणंगले आणि शिरोळ हे चार तालुके घ्या. इथे ऊस आहे, माग आहेत, फाउंड्री आहेत, पाणीपुरवठा संस्था आहेत, पूरही आहे. एक वर्ष, तीन हंगाम. डीपीवर मीटर लावून आधी आणि नंतर मोजा. आकडे खोटे निघाले तर योजना बंद करा.

आणि एक विनंती. मार्च-एप्रिलमध्ये, उन्हाळी पाळ्या सुरू असताना, आपल्यापैकी कुणी एक संध्याकाळ माझ्या दुकानात येऊन बसावं. सहा ते नऊ. मी आगाऊ कुणाला सांगणार नाही, काही आवरून ठेवणार नाही. ज्या मोटारी येतील त्या आपण सोबत उघडू. मीटर माझ्याकडे आहे, कागद-पेन्सिल माझ्याकडे आहे. प्रत्येक मोटार किती जुनी, कितीदा भरलेली, किती वीज खाते आणि मालकाने नवी का घेतली नाही, हे मालकालाच विचारून लिहून घेऊ. ती वही तुम्ही दिल्लीला घेऊन जा.

आपला नम्र,
मोटार भरणारा एक कारागीर,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

प्रत माहितीसाठी: मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य, महाराष्ट्र वीज नियामक आयोग, महाऊर्जा, पुणे, कोल्हापूर जिल्ह्यातील सर्व खासदार व आमदार